ताऱ्याचा उजेड आणि तंतूचे तोंड



पत्रिकेत आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून काही मंडळी ताऱ्यांची वर्णने ऐकावयास आली असतील. त्यांची थोडी निराशा होण्याचा संभव आहे, तेव्हा ती आरंभीच करून टाकलेली बरी. आज आम्ही दुर्बिणीच्या प्रचंड आरशाविषयी फारसे बोलणार नाही. त्या आरशाने गोळा केलेला उजेड केसाएवढ्या काचेच्या तंतूत जेथे शिरतो, त्या जागेविषयी बोलणार आहोत. ही जागा खसखशीच्या दाण्याहूनही लहान असते. पण अलीकडच्या चाळीसपंचेचाळीस वर्षांत ज्योतिषशास्त्राने जे मिळविले, त्यातले पुष्कळसे याच जागेतून आत आले आहे.

दूरच्या दीर्घिकेतून निघालेला उजेड कोट्यवधी वर्षे वाटचाल करून येथे पोचतो, हे आपण नेहमी ऐकतो. एवढ्या वाटेत थोडी धूळ आडवी येते, त्याचे तरंग थोडे ताणले जातात, इतकेच. त्याचे खरे हाल होतात ते शेवटच्या काही मिलिमीटरांत, आणि ते आपल्याच हातून होतात.

हे हाल एवढे मनावर का घ्यावयाचे? हिशेब पाहा. विसाव्या प्रतीचा एक तारा घ्या. नुसत्या डोळ्यांना दिसणारा अंधुकातला अंधुक तारा सहाव्या प्रतीचा. त्याहून हा सुमारे ४ लाख पटींनी फिका. ३.६ मीटर व्यासाच्या आरशावर पडणारा त्याचा उजेड घेऊन वर्णपट पसरला, तर एक अँगस्ट्रॉम रुंदीच्या पट्टीत सेकंदाला सरासरी एकच प्रकाशकण येतो. तोही वातावरणाने, आरशांनी आणि भिंगांनी आपापली दस्तुरी कापून घेण्यापूर्वी. तंतूच्या तोंडाशी शंभरांतले चाळीस कण वाया गेले, तर तीन रात्रींत व्हावयाच्या कामाला पाच रात्री लागतील. मोठ्या दुर्बिणीवरची रात्र मिळणे किती दुर्घट असते, हे त्या क्षेत्रातल्या मंडळींना विचारा. महिने महिने आधी अर्ज करावयाचा, तो मंजूर झाला तर दोनतीन रात्री पदरात पडावयाच्या, आणि त्यांतली एखादी ढगांनी न्यावयाची.

पण मुळात तंतू हवाच कशाला? पूर्वी वर्णपटमापक दुर्बिणीलाच टांगलेला असे. एका बारीक फटीतून एका ताऱ्याचा उजेड आत घ्यावयाचा, त्याचा पट्टा पसरावयाचा, मग दुसऱ्या ताऱ्याकडे वळावयाचे. दीर्घिकांच्या एखाद्या थव्यात दोनशे दीर्घिका असल्या, तर दोनशे वेळा हा खटाटोप. शिवाय दुर्बीण जसजशी कलते, तसतसे ते टांगलेले अवजड यंत्र वाकते आणि वर्णपटाच्या रेषा जागच्या हलतात. तंतूने ही दोन्ही दुखणी दूर केली. दुर्बिणीच्या नाभीवर हव्या तितक्या ताऱ्यांच्या प्रतिमांपाशी एकेक तंतू ठेवावयाचा, आणि सर्वांची दुसरी टोके खाली, स्थिर तापमानाच्या खोलीत, एका ओळीत लावावयाची.

तंतूची कथा आपल्याला जवळची आहे. १९५४ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॉपकिन्स आणि आपले पंजाबचे नरिंदर सिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येते, हे प्रसिद्ध केले. काच अशुद्ध असेतोवर उजेड काही मीटरांतच विझे. ही अशुद्धी काढता येईल आणि काढली तर उजेड मैलोगणती जाईल, असे १९६६ साली काओ आणि हॉकहॅम यांनी मांडले. काओंना त्यासाठी २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. टेलिफोनवाल्यांसाठी झालेली ही सुधारणा ज्योतिषांनी लगोलग उचलली. १९७९ साली अमेरिकेत ॲरिझोनाच्या स्टुअर्ड वेधशाळेत जॉन हिल, रॉजर एंजल आणि त्यांचे सहकारी यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला भोके पाडून त्यांत तंतू खोचले आणि एका वेळी अनेक दीर्घिकांचे वर्णपट घेतले. यंत्राला नाव दिले मेड्यूसा. ग्रीक पुराणातली ही केसांच्या जागी साप असलेली बाई. यंत्राकडे पाहिले की नाव पटते.

पुढे हा पसारा वाढला. न्यू मेक्सिकोतील स्लोन सर्वेक्षणाच्या २.५ मीटर दुर्बिणीवर प्रत्येक पत्र्यात ६४० तंतू असत, आणि ते दिवसा माणसे हातांनी खोचीत. ऑस्ट्रेलियातील ३.९ मीटर दुर्बिणीवर हे काम यंत्रमानवाकडे दिले. तेथे ४०० तंतू, प्रत्येकाच्या टोकाला एक चुंबकी गुंडी, आणि गुंडीत मिलिमीटरभर आकाराचा काटकोनी लोलक. वरून येणारा उजेड या लोलकात काटकोनात वळतो आणि पोलादी पाटावर आडव्या पडलेल्या तंतूत शिरतो. एका पाटावर वेध चालू असताना दुसऱ्या पाटावर यंत्रमानव पुढची मांडणी करीत असतो. सारीपाटाचा हा डाव १९९७ ते २००२ चालला आणि सुमारे २ लाख २१ हजार दीर्घिकांची अंतरे हाती आली. २०२१ साली ॲरिझोनातील किट पीक येथे ज्या डेसी सर्वेक्षणाला आरंभ झाला, त्यात ५,००० तंतू आहेत. प्रत्येकाला स्वतःचा चिमुकला यंत्रमानव, आणि तो तंतूचे टोक काही मायक्रॉनच्या आत नेमक्या जागी नेतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर ते शंभर मायक्रॉन जाड.

आता खरी अडचण येते, आणि येथे थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी पाच मिनिटे बाहेरचा वारा खावा. आम्ही रागावणार नाही.

ताऱ्याची प्रतिमा वातावरणाच्या थरथरीमुळे सुमारे एक विकला रुंदीची होते. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. दुर्बिणीच्या नाभीवर ही विकला किती जागा व्यापील, हे नाभ्यंतरावर अवलंबून असते: नाभ्यंतराला २,०६,२६५ ने भागावे. स्लोनच्या दुर्बिणीचे नाभ्यंतर साडेबारा मीटर. तेव्हा तिची विकला ६० मायक्रॉनची. तेथे १८० मायक्रॉनचा तंतू तसाच ठेवला की तीन विकलांचे वर्तुळ पकडले जाते. भिंगाची गरजच नाही. पण ८ मीटर व्यासाची, एफ-१६ ची दुर्बीण घ्या. एफ म्हणजे नाभ्यंतर भागिले व्यास. छायाचित्रे काढणाऱ्यांना हा आकडा ठाऊक आहे. या दुर्बिणीचे नाभ्यंतर १२८ मीटर आणि विकला ६२० मायक्रॉनची! एवढा जाड तंतू तंतू राहत नाही, तो काचेचा दांडा होतो.

सहज सुचणारा उपाय म्हणजे नरसाळे. रॉकेल ओततो तसे मोठ्या तोंडाने घ्यावे आणि बारीक नळीत सोडावे. आमच्या अनुभवात हा प्रश्न प्रत्येक सभेत कोणीतरी विचारतेच, आणि विचारणारा चुकत नाही. रॉकेल तसेच वागते. उजेड मात्र तसा वागत नाही. उजेडाच्या झोताची रुंदी आणि त्याच्या शंकूचा कोन, यांचा गुणाकार भिंगांनी आणि आरशांनी कमी करता येत नाही. झोत निम्मा अरुंद केला की कोन दुप्पट पसरतो. एफ-१६ चा निमुळता शंकू एफ-५ पर्यंत पसरू दिला, तर ६२० मायक्रॉनची विकला १९४ वर येते. त्याहून कमी हवी तर शंकू आणखी पसरावा लागेल. आणि पसरण्याला मर्यादा आहे. तंतूचा गाभा आणि त्याभोवतीचे वेष्टन यांच्या वक्रीभवनांकांत थोडासाच फरक असतो. ठराविक कोनापेक्षा तिरका शिरलेला किरण वेष्टनावर परावर्तित न होता बाहेर गळून जातो. नेहमीच्या तंतूत ही हद्द सुमारे एफ-२.३ ला येते.

मग शंकू निमुळताच ठेवावा, असे कोणी म्हणेल. त्यातही खोच आहे. तंतू कधीही पूर्ण सरळ आणि निर्दोष नसतो. तो कोठेतरी चिमटलेला असतो, डिंक वाळताना आवळलेला असतो, त्याला डोळ्यांना न दिसणारे बारीक बाक असतात. त्या प्रत्येक बाकाशी किरणांच्या दिशा थोड्या थोड्या बिघडतात. निमुळता शंकू आत घातला तर तो दुसऱ्या टोकाला फुगून बाहेर पडतो. एफ-१६ ने घातलेला उजेड एफ-८ ने किंवा त्याहूनही पसरून येतो, आणि तो झेलण्यासाठी खालचा वर्णपटमापक विनाकारण मोठा करावा लागतो, नाहीतर कडेचा उजेड सोडून द्यावा लागतो. हा फुगवटा परत आवळता येत नाही. दह्याचे दूध होत नाही, त्यातला प्रकार. आधीच बऱ्यापैकी पसरलेला शंकू घातला तर मात्र त्यात फारशी भर पडत नाही. म्हणून तंतूला उजेड एफ-३.५ ते एफ-५ च्या दरम्यान पाजावा, असा अनुभव आहे. मोठ्या दुर्बिणीची नाभी असा उजेड देत नाही. तो बदलून घेण्यासाठी तंतूच्या तोंडाशी जे भिंग बसवावयाचे, तेच आजचे आमचे उत्सवमूर्ती.

हे भिंग दोन रीतींनी वापरता येते. एक रीत उघड आहे: ताऱ्याची प्रतिमा लहान करून तंतूच्या तोंडावर टाकावी. दुसरी रीत अधिक गमतीची, आणि आमच्या मते अधिक शहाणपणाची. ताऱ्याची प्रतिमा भिंगावरच पडू द्यावी, आणि त्या भिंगाने तंतूच्या तोंडावर दुर्बिणीच्या आरशाची प्रतिमा पाडावी. आठ मीटरचा आरसा, त्याच्या मधोमध दुय्यम आरशाची काळी सावली, हे सारे पाचपन्नास मायक्रॉनच्या वर्तुळात तंतूच्या तोंडावर उमटलेले असते. याचा लाभ असा की, वातावरणामुळे तारा भिंगावर इकडेतिकडे नाचला तरी आरशाची प्रतिमा जागची हलत नाही. आरसा कोठे जाणार!

याच रीतीने एका जुन्या पेचाची सोडवणूक झाली. आपल्याला एका दीर्घिकेचा एकच वर्णपट नको असतो. तिचा मध्य कसा फिरतो, कडा कशी फिरते, तारे कोठे जन्मतात, हे सर्व हवे असते. त्यासाठी तंतूंची जुडी करून ती प्रतिमेवर धरावी लागते. पण गोल तंतू कितीही दाटीने रचले तरी मध्ये फटी राहतात, शिवाय प्रत्येकाच्या वेष्टनाची जागा फुकट जाते. अमेरिकेतल्या मांगा सर्वेक्षणात १२० मायक्रॉनचा गाभा आणि आवरणांसह १५० मायक्रॉनचा तंतू होता. षट्कोनी रचनेत उजेड घेणारी जागा शंभरात ५६ च भरे. त्यांनी दुर्बीण किंचित सरकवून तीन तीन वेध घेतले आणि फटी बुजविल्या. तोही एक मार्ग. दुसरा मार्ग मधमाशीचा: षट्कोनी भिंगे एकमेकांस चिकटवून पोळे करावयाचे. पोळ्यात फट नाही. प्रत्येक भिंग आपल्या वाट्याचा सगळा उजेड आपल्या मागच्या तंतूच्या मध्यावर नेऊन सोडते आणि तंतूंमधल्या फटी अंधारातच राहतात. हवाई बेटावरील जेमिनी दुर्बिणीवर २००१ साली इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाने जे उपकरण बसविले, त्यात अशी १,५०० भिंगे आणि तितकेच तंतू आहेत; हजार दीर्घिकेवर आणि पाचशे शेजारच्या मोकळ्या आकाशावर, कारण आकाशाचा स्वतःचा उजेडही वजा करावा लागतो.

याच जातीच्या एका उपकरणाचे काम आपल्या पुण्यात आयुका संस्थेने हाती घेतले, हे येथे सांगावयास आम्हांला विशेष आनंद वाटतो. नैनितालजवळ देवस्थळ येथे ३.६ मीटरची दुर्बीण २०१६ साली सुरू झाली. तिच्यासाठी आखलेल्या या उपकरणात पोळी सोळा, प्रत्येकात १४४ भिंगे. एकूण तंतू २,३०४. एकेका भिंगाच्या वाट्याला आकाशाचा ०.८ विकलांचा तुकडा. दुर्बीण एफ-९ ची, म्हणून आधी प्रतिमा मोठी करून सुमारे एफ-२१.५ ची करावयाची. त्या मापाने ०.८ विकला म्हणजे ३०० मायक्रॉन, हीच भिंगाची रुंदी. तंतूत एफ-४.५ ने उजेड घालावयाचा धरला, तर भिंगाचे नाभ्यंतर १.३५ मिलिमीटर येते आणि आरशाची प्रतिमा ६३ मायक्रॉनची. घरी गेल्यावर कागदपेन्सिल घेऊन पडताळा. त्रैराशिकापलीकडे काही लागत नाही.

असली भिंगे घासून कशी होणार? ती घासतच नाहीत. सिलिका काचेवर प्रकाशाने बदलणाऱ्या लेपाच्या टिकल्या छापावयाच्या आणि त्या तापवून वितळवावयाच्या. वितळलेली टिकली पृष्ठताणामुळे आपोआप फुगीर होते, जसे तव्यावरच्या तुपाचे थेंब. मग तोच आकार कोरणाऱ्या वायूंनी काचेत उतरवावयाचा. अवघड काम पुढेच आहे. दोन हजार तंतूंची तोंडे घासून गुळगुळीत करावयाची आणि प्रत्येकाचा मध्य आपल्या भिंगाच्या मध्यासमोर आणावयाचा. वरच्या उदाहरणात तंतूचा गाभा ७० मायक्रॉनचा निवडला, तर ६३ च्या प्रतिमेभोवती साडेतीन मायक्रॉनची जागा उरते. त्याहून अधिक सरकले की उजेड सांडला. गाभा १०० चा घेतला तर कामगाराचा जीव भांड्यात पडतो, पण खालचा वर्णपट तितका जाडाभरडा होतो. शिवाय काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर शेकडा साडेतीनचार टक्के उजेड परत फिरतो. म्हणून भिंगाची सपाट बाजू आणि तंतूचे तोंड काचेच्याच वक्रीभवनांकाच्या डिंकाने जोडून टाकतात. सीमाच नाहीशी होते.

तंतूचा आणखी एक गुण आहे आणि तोच कधीकधी दोष ठरतो. ताऱ्याभोवती ग्रह फिरत असला की तारा किंचित डोलतो आणि त्याच्या रेषा वर्णपटात पुढेमागे सरकतात. फटीच्या यंत्रात तारा फटीत नुसता डावीउजवीकडे गेला तरी रेषा सरकते, आणि ग्रह नसताना ग्रहाचा भास होतो. तंतूत शिरलेला उजेड भिंतींवर आपटत जातो आणि घुसळला जातो. आत शिरताना तो कोठे होता हे बाहेर पडताना बरेचसे विसरलेला असतो. १९९५ साली फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत मेयर आणि केलो यांनी ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह शोधला तो तंतूने जोडलेल्या यंत्रावरच. त्या ताऱ्याचे डोलणे सेकंदाला ६० मीटरच्या आतबाहेर होते. आपल्या अबूच्या गुरुशिखरावरील अहमदाबादच्या संस्थेचे ‘पारस’ हे यंत्रही तंतूवरच चालते. २०१८ साली त्याच्या साहाय्याने एका नव्या ग्रहाचे वस्तुमान ठरविण्यात आले.

पण हे विसरणे अर्धवट असते. किरण मध्यापासून किती दूर शिरला, हे तंतू पुरते विसरत नाही. त्यावर काढलेली तोड फार सुबक आहे. तंतू मध्येच कापावयाचा आणि दोन तुकड्यांच्या मध्ये इवलीशी भिंगे बसवावयाची, अशी की पहिल्या तुकड्याच्या तोंडावरची जागा दुसऱ्या तुकड्यात कोन व्हावी आणि पहिल्यातला कोन दुसऱ्यात जागा व्हावा. जे पहिल्या तुकड्याला घुसळता आले नाही ते दुसरा घुसळतो. या जोडावर थोडा उजेड खर्ची पडतो, आणि येथे तो खर्च करणे परवडते. कारण सूर्याला हलविणाऱ्या पृथ्वीचा प्रभाव सेकंदाला ९ सेंटिमीटरचा असतो.

शेवटी सर्वांत बारीक तंतूंकडे वळू. ज्यांचा गाभा आठदहा मायक्रॉनचा आणि ज्यांतून उजेडाचा एकच नमुना वाहतो, असे हे एकरूपी तंतू. त्यांतून निघणारा झोत इतका नेमका असतो की वर्णपटमापक टेबलावर मावेल एवढा करता येतो. पण शिरतानाची अट कडक आहे. ८ मीटरच्या दुर्बिणीने १.६ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात वातावरणाच्या थरथरीसह पाहिले, तर विकलेएवढ्या प्रतिमेत तंतूला चालेल असा भाग सुमारे सहाशेवा. थरथर काढून टाकणारे लवचिक आरसे लावले आणि ते अगदी बिनचूक चालले, तरी गोल आरशाचा उजेड शंभरात ऐंशीच्या आसपासच आत शिरतो. आरशाने पाडलेल्या प्रतिमेचा आकार आणि तंतूला मानवणारा आकार तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून. चिली देशातल्या चार ८.२ मीटर दुर्बिणींचा उजेड ‘ग्रॅव्हिटी’ या उपकरणात अशाच तंतूंत घालून एकत्र करतात. मे २०१८ मध्ये आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवराजवळून एस-२ हा तारा गेला, तेव्हा त्याचा वेध या तंतूंतूनच घेतला गेला.

तारा या दहा मायक्रॉनच्या तोंडावर धरून ठेवावयाचा कसा, हा प्रश्न उरतो. दुर्बिणीचा मनोरा वाऱ्याने कंप पावतो, यंत्रांचे पंखे घुमतात, आणि प्रतिमा निसटते. जर्मनीतील काही संशोधकांनी यावर एक युक्ती केली. मधल्या एकरूपी तंतूभोवती सहा जाड तंतू रचले, आणि त्यांच्या तोंडांवर लेसरने सूक्ष्म भिंगांचे एक कडे थेट छापले. कड्याच्या मधोमध भोक. तेथून ताऱ्याचा मुख्य उजेड आरपार जाऊन मधल्या तंतूत शिरतो. कडेचा जो थोडा उजेड तसाही वायाच जाणार होता, तो कडे गोळा करून सहा तंतूंना वाटते. सहांपैकी डाव्या हाताच्या तंतूत उजेड वाढला की तारा डावीकडे सरकला, हे तत्क्षणी कळते, आणि त्यावरून आरसा सरळ करता येतो. ॲरिझोनातील ८.४ मीटरचे दोन आरसे असलेल्या दुर्बिणीवर याची प्रत्यक्ष ताऱ्यांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ते कडे आम्ही छायाचित्रात पाहिले आहे. शेजारी प्रमाणासाठी रेघ आखलेली नसती तर ती हातातली बांगडी वाटली असती.